गैरहजर मुलांचे पाच गुण

माणसाच्या इतिहासातले बहुतेक अनर्थ झाकण उघडण्याच्या घाईतून झाले आहेत, असे बाईंचे ठाम मत होते. हे मत त्या रोज दुपारी एक वाजता, स्वतःच्या स्टीलच्या डब्यावर तळहात दाबून मांडत. कारण शेजारच्या टेबलावरच्या हेमंतने तोवर त्या डब्याची कडी निम्मी सोडलेली असे.

"डबा उघडू नकोस," बाई म्हणत. "काय हवंय ते डब्याला सांग."

"डब्याला काय सांगू, बाई?"

"सांग, आत भाजी असेल तर अर्धी हेमंतला. नसेल तर काही नाही. आणि जागेवर बस."

हेमंत जागेवर बसे. अर्धी भाजी त्याला मिळे. तुम्हाला हा जेवणाच्या सुट्टीतला पोरकटपणा वाटेल. मलाही वाटला होता. हा संगणकशास्त्रातला एक गंभीर सिद्धान्त आहे हे मला पुढे कळले, आणि तो मोडल्यामुळे एकोणीस मुलांचे काय होणार होते, हे त्याच्याही पुढे.

आमची कंपनी नाशिकच्या इंदिरानगरात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. अकरा माणसे. मालकांच्या केबिनबाहेर 'आम्ही भविष्य घडवतो' अशी पाटी होती. वर्तमानात आम्ही शाळांसाठी हजेरी आणि निकाल यांचे सॉफ्टवेअर घडवत होतो. मी तिथे माहितीपुस्तिका लिहायला होतो. त्याआधी वीसेक वर्षे एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिक बंद पडले, तेव्हा मला दुसरे काहीच येत नाही हे माझ्या लक्षात आले. सॉफ्टवेअर कंपन्यांत अशा माणसांना 'कंटेंट' खात्यात घेतात. बाईंनी मला पहिल्या दिवशीच परस्पर बढती देऊन टाकली. त्या मला 'संपादक' म्हणत.

बाई बावीस वर्षे नाशिकरोडच्या एका शाळेत गणित शिकवत होत्या. पन्नाशीला त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निवृत्तीनंतर लोक हार्मोनियम शिकतात, बाई प्रोग्रॅमिंग शिकल्या. सुती साडी, पायात पोरांसारखे धावायचे बूट, आणि एक सवय. पांढऱ्या फळ्यावर पेनाने काही लिहून झाले की त्या दोन्ही हात एकमेकांवर दोनदा झटकत. पेनाला खडू नसतो, त्यामुळे झटकण्यासारखे हाताला काही लागलेले नसे. पण बावीस वर्षांचा खडू दोनचार वर्षांत जात नाही.

ऑफिसात त्यांना सगळे 'बाई'च म्हणत, कारण निम्मे ऑफिस त्यांच्या हाताखालून दहावी झालेले होते. मालकसुद्धा. मीटिंगमध्ये बाई त्यांना 'सर' म्हणत. केबिनचे दार लागले की 'अरे शहाण्या'. दार पातळ प्लायवुडचे होते.

एकदा त्यांनी लिहिलेल्या कोडची माहितीपुस्तिका करायची वेळ माझ्यावर आली. मी गेलो आणि सरळ म्हणालो, "बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"छान," बाई म्हणाल्या. "ज्यांना थोडं कळतं ते फार त्रास देतात."

त्यांनी माझ्यापुढे त्यांचा डबा ठेवला, पुसून कोरडा केलेला. म्हणाल्या, "यात एका मुलाच्या गुणांची चिठ्ठी आहे. किंवा नाहीये. मुलगा परीक्षेला आला असेल तर आहे, आला नसेल तर नाही. आता या मुलाला पाच गुण वाढवून द्यायचेत. काय कराल?"

"उघडून बघीन."

"आणि रिकामा निघाला तर?"

मी डब्याकडे पाहिले. रिकाम्या डब्यासमोर माणूस नेहमीच थोडा खजील होतो.

"हेच," बाई म्हणाल्या. "उघडला की तुम्हाला काहीतरी करावं लागतं. रिकामा दिसला की हात शिवशिवतात. म्हणून उघडायचाच नाही. 'पाच मिळव' हे एक साधं काम आहे. त्याला आकडा द्या, ते पाच मिळवून परत देतं. त्याला डबाबिबा काही माहीत नाही. आपण फक्त ते काम उचलून डब्याच्या पातळीवर न्यायचं. डब्याला म्हणायचं, आत काही असेल तर त्यात पाच मिळव, नसेल तर जसा आहेस तसा राहा. झाकण लागलेलं ते लागलेलंच."

मग त्यांनी त्यांच्या पर्सची चेन ओढून बंद केली. "हा अख्खा वर्ग. यात चाळीस चिठ्ठ्या आहेत. तेच काम इथे उचलून न्या, चाळिसांनाही पाच मिळतात. आणि समजा निकाल अजून आलेलाच नाही, उद्या यायचाय. तरी तेच काम त्या उद्याच्या निकालाला आजच लावून ठेवता येतं. काम बदललं का? नाही. पाच मिळवणाऱ्याला पटावर किती मुलं, कोण आलं नाही, आज वार कोणता, काही माहिती नाही. नसू दे. त्याला पाच मिळवता येतात, पुष्कळ झालं."

"म्हणजे पोस्टमनसारखं."

"पोस्टमनला पत्रातलं कळायला लागलं तर गावात राहाल का तुम्ही?"

"पण बाई, कधीतरी उघडावाच लागेल ना?"

"एकदाच. दाराशी. जिथून तो बाहेर माणसाच्या हातात जातो तिथे. तोवर मधे कुणी बोट लावायचं नाही." आणि हात झटकले, दोनदा.

मी ते सगळे लिहून काढले. मालकांनी त्यातून डबा आणि पर्स काढून टाकली व 'अत्याधुनिक तंत्रज्ञान' असे दोन शब्द घातले. पुस्तिका कुणालाच कळली नाही. ती सगळ्यांना फार आवडली.

बाई माणसांशीही तशाच वागत, हे माझ्या उशिरा लक्षात आले. माझी आई तीन आठवडे इस्पितळात होती, तेव्हा मी ऑफिसात कुणाला काही बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी बाईंच्या डब्यात दोन पोळ्या जास्त आल्या. त्यांनी त्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेल्या. रोज दोन. त्यांनी एकदाही काय झाले म्हणून विचारले नाही. आई घरी आली त्या दिवशी मी आपण होऊन सांगितले. बाई म्हणाल्या, "हो का? बरं वाटलं." दुसऱ्या दिवसापासून पोळ्या बंद. मला जरा वाईट वाटले. पोळ्या चांगल्या असत.

झाकणाचे हे शिक्षण त्यांना पुस्तकातून मिळाले नव्हते. त्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढल्या. वडील तिथे दर तासाला मीटर पाहून नोंदवहीत आकडे भरायचे. लहानपणी बाईंनी त्यांना विचारले होते, मीटर बिघडला तर काय लिहायचे? वडील म्हणाले, "रेघ मारायची."

"शून्य लिहिलं तर?"

"शून्य लिहिलं तर यंत्र थांबलंय असं होतं, बाळा. यंत्र चालू हाय. आपल्याला दिसंना एवढंच. आपल्याला दिसंना त्याला रेघ."

"माझं सगळं गणित त्या वाक्यात आहे," बाई म्हणत. "बाकीचं मी बीएस्सीला शिकले, ते विसरले."

आता ती परीक्षा.

एका शिक्षणसंस्थेचे निवासी विद्यालय आहे. गावाकडच्या मुलांना सहावीपासून राहणे, जेवण, शिक्षण सगळे फुकट. त्यासाठी प्रवेशपरीक्षा होते आणि तिच्या माहितीपत्रकाचे व निकालाचे काम आमच्याकडे होते. संस्थेचा नियम असा: परीक्षेला येऊ न शकलेल्या मुलांसाठी एकदा फेरपरीक्षा होईल, पण नापास झालेल्याला पुन्हा बसता येणार नाही. हे वाक्य माहितीपत्रकात मीच लिहिले होते, तेव्हा ते मला चांगले पाठ होते. असायला हवे होते.

त्या वर्षी सुरगाण्याच्या बाजूच्या पाड्यांवरून मुलांना घेऊन निघालेली जीप घाटात बंद पडली. जीपमध्ये एकोणीस मुले होती. एका जीपमध्ये एकोणीस मुले कशी, हा प्रश्न फक्त शहरातल्या माणसाला पडतो. दुसरी गाडी मिळेपर्यंत पेपर संपला होता. केंद्रावरच्या मास्तरांनी एकोणीस नावांपुढे रीतसर गैरहजर लिहिले आणि आमच्याकडे यादी पाठवली. बाईंच्या कोडमध्ये एकोणीस डबे रिकामे आले, रिकामेच पुढे गेले आणि पडद्यावर एकोणीस रेघा उमटल्या.

त्यात गणिताच्या पेपरात एक प्रश्न चुकला होता. एका टाकीला दोन नळ होते आणि टाकी किती वेळात भरेल असे विचारले होते, पण दुसऱ्या नळाचा वेग छापायचाच राहिला होता. म्हणून संस्थेने सगळ्यांना त्या प्रश्नाचे पाच गुण द्यायचे ठरवले. 'पाच मिळव'. बाईंना हे काम फार आवडले. तयारच होते.

निकाल रविवारी एका मोठ्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर, संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते जाहीर होणार होता. निकाल 'हस्ते' कसा जाहीर करतात हे मला माहीत नाही, पण निमंत्रणपत्रिकेत तसे होते.

शुक्रवारी बाई घोटीला भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. दुपारी संस्थेच्या सचिवांनी स्क्रीन पाहिला आणि मालकांना फोन केला. पडद्यावर रेघा बऱ्या दिसत नाहीत. अध्यक्षांना वाटेल काम अर्धवट आहे. मालक केबिनमधून बाहेर आले आणि हेमंतला म्हणाले, "तिथे काहीतरी भर."

हेमंत मूळचा सटाण्याकडचा, बाईंचाच विद्यार्थी, तिशीचा, हुशार. त्याने अगदी सुरुवातीला एक ओळ घातली: गुण नसतील तर शून्य धर. रेघा गेल्या. त्या शून्यात पुढे 'पाच मिळव'ने पाच मिळवले. त्याच्यापुढे टक्केवारी काढणाऱ्याने टक्केवारी काढली. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ठरवणाऱ्याने एकोणीस वेळा 'अनुत्तीर्ण' लिहिले. पुढचे सगळे बरोबर झाले. प्रत्येकाने आपापले काम चोख केले. अशा गोष्टी नेहमी चोख कामातूनच पार पडतात.

शनिवारी सकाळी यादी शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आली. चारशेवर नावे. 'भोये'चे 'भोईर' झालेले नाही ना, हे मी तीनदा पाहिले. गावित, चौधरी, महाले, सगळे जागच्या जागी. एकाच केंद्रावरच्या एकोणीस मुलांना पाच-पाच गुण आहेत हेही मला दिसले. मी वाईट वाटून घेतले, आणि यादीखाली 'तपासले' असे लिहून सही केली.

बाई अकराला आल्या. हातात लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा डबा. उभ्याउभ्याच त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिले आणि बोट ठेवले.

"संपादक, हे पाहिलंत?"

"पाहिलं. नावं सगळी बरोबर आहेत."

"गुण?"

"गुण कमीच आहेत. त्या बाजूच्या शाळा म्हणजे..." मी वाक्य पुरे केले नाही. पुरे करण्यासारखे ते नव्हते.

"बावीस वर्षं पेपर तपासलेत मी," बाई म्हणाल्या. "पोरं नापास व्हायला लागली की एक अठ्ठावीसवर होतं, एक अकरावर, एक साडेबत्तिसावर. एकोणीस जण ओळीने पाच? कवायत आहे का?"

मग त्या वळल्या. "हेमंत."

हेमंतने लगेच सगळे सांगितले. बाईंचे विद्यार्थी खोटे बोलत नसत, जमायचे नाही. शेवटी म्हणाला, "एकच ओळ व्हती, बाई."

"एकोणीस मुलं होती," बाई म्हणाल्या. "एकोणीस डबे उघडलेस, रिकामे पाहिलेस, आणि प्रत्येकात आपल्या हाताने शून्य ठेवून झाकण लावलंस. आता जगात कुणालाही कळणार नाही की ते रिकामे होते. ती पोरं घाटात जीपला धक्का मारत होती, हेमंत. उद्या अध्यक्षांच्या तोंडून ती नापास होणार आहेत. मग फेरपरीक्षा नाही. शाळा नाही."

हेमंतने ती ओळ खोडली. त्याचे कान लाल झाले होते. माझेही झाले असावेत, पण माझ्याकडे कुणी पाहिले नाही, आणि तुम्हीही पाहू नये अशी विनंती आहे.

ओळ खोडून भागणार नव्हते. यादी सकाळीच संस्थेकडे गेली होती. बाई केबिनमध्ये गेल्या. दार लागले. आम्ही सगळे एकदम कामाला लागल्यासारखे शांत झालो.

"बाई, रेघ दिसली की आपली यंत्रणा अपुरी वाटते हो."

"अरे शहाण्या, दहावीच्या सहामाहीला तुला गोवर आला होता. आठवतं?"

"हो."

"गणिताच्या पेपराला आला नव्हतास. मी तुला शून्य दिलं होतं का?"

"नव्हतं."

"काय लिहिलं होतं?"

खालच्या दवाखान्यात ड्रिल सुरू झाले. मग मालकांचा आवाज आला, भविष्य घडवणाऱ्या माणसाच्या मानाने बराच लहान. "गै."

"मग?"

"मी फोन करतो त्यांना."

त्यांनी खरोखरच फोन केला. सचिव म्हणाले, छापून झालेय, आता काही बदलणार नाही. बाईंनी पर्स घेतली. "संपादक, तुमची स्कूटर कुठाय?"

संस्थेचे कार्यालय पंचवटीत होते. भाजीबाजाराच्या गल्लीत शनिवारी स्कूटर घालणे हा गुन्हा नाही, पण शिक्षा आहे. एका मेथीवालीच्या टोपल्यापाशी आम्ही दहा मिनिटे अडकलो. बाई मागे बसून माहितीपत्रकाची घडी घालत होत्या आणि उघडत होत्या. डब्यांच्या बाबतीत इतका संयम असलेली बाई कागदाच्या घडीशी असे खेळताना मी पहिल्यांदा पाहिली. तेव्हा कळले की त्या घाबरल्या आहेत.

सचिव बारीक, पांढऱ्या कपड्यांतले, टेबलावर अध्यक्षांच्या सहीची यादी. ती खरेच छापून झाली होती, सोनेरी किनारीच्या कागदावर.

"पाच गुण काय आणि गैरहजर काय, बाई," सचिव म्हणाले. "ती मुलं काही कार्यक्रमाला येणार नाहीत."

"म्हणूनच मी आलेय," बाई म्हणाल्या आणि माहितीपत्रक त्यांच्यापुढे उघडून ठेवले. "वाचा."

सचिवांनी वाचले. वर पाहिले. "हे कुणी लिहिलं?"

"यांनी." बाईंनी माझ्याकडे बोट केले. "आणि यांनीच तुमची यादी तपासून सही केलीय. आता ते सांगतायत की ती चुकलीय."

मी बाईंकडे पाहिले. मी असे काही सांगितले नव्हते. मग मी ते सांगितले. वीस वर्षांच्या उपसंपादकीत मी पुष्कळ दुरुस्त्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात, आतल्या पानावर, तळाशी छापल्या होत्या. समोरच्या माणसाच्या तोंडावर ही पहिलीच.

सचिव खुर्चीत मागे टेकले. "ठीक आहे. पण पडद्यावर रेघ नको. अध्यक्षांना रेघ चालत नाही."

मला वाटले, आता बाई एकलहऱ्याची नोंदवही काढणार. पण त्या हसल्या. "नको ना. रेघ आत. दाराशी तुम्हाला हवं ते दाखवू. काय दाखवू? गैरहजर?"

"गैरहजर हा शब्द कार्यक्रमाला शोभत नाही."

"मग 'फेरपरीक्षेस पात्र'?"

सचिवांनी तो शब्द तोंडात घोळवला. "पात्र" त्यांना आवडला. तासाभरात हेमंतने नवी यादी पाठवली. एकोणीस डबे मधल्या सगळ्या हातांतून बंदच आले, आणि अगदी दाराशी, जिथे ते माणसांना दिसणार होते तिथे, प्रत्येकावर दोन शब्द उमटले. सचिवांनी यादी पुन्हा सोनेरी कागदावर छापायला दिली.

परत येताना होळकर पुलाच्या अलीकडे बाई म्हणाल्या, "थांबवा जरा." टपरीवर चहा घेतला. चार वाजून गेले होते, त्या सकाळपासून जेवल्या नव्हत्या. त्यांनी पर्समधून लाडवांचा डबा काढला, मांडीवर ठेवला, आणि थोडा वेळ त्यावर तळहात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मग झाकण उघडले. एक लाडू मला दिला, एक स्वतः घेतला, आणि खाता खाता एकदम डोळे पुसले.

मी काही विचारले नाही. इतके शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम थाटात झाला. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, शिक्षण म्हणजे काय हे तीन जणांनी सांगितले आणि तिघांचे जमले नाही. मग अध्यक्षांनी यादी वाचली. एकोणीस नावांपाशी त्यांचा आवाज विशेष चढला: "आणि फेरपरीक्षेस पात्र ठरलेले विद्यार्थी!" सभागृहाने टाळ्या वाजवल्या. जीप बंद पडल्याबद्दल नाशिक शहरात यापूर्वी कुणाचे इतके कौतुक झाले नसेल. बाई शेवटच्या रांगेत होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या, मनापासून.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बाईंनी काम सोडले. मुलगी ठाण्याला असते, तिचे दिवस भरत आले होते. निरोपसमारंभात मालकांनी भाषण केले, त्यात भविष्य पाच वेळा आले. बाईंना चकचकीत कागदात गुंडाळलेली भेट दिली. "उघडा ना बाई," मालक दोनदा म्हणाले. बाईंनी ती बगलेत धरली, सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि न उघडताच गेल्या. हेमंतला मात्र त्या जाताना आपला स्टीलचा डबा रिकामा करून देऊन गेल्या. तो त्याने टेबलावर ठेवला आहे. त्यात तो काही ठेवत नाही, आणि कुणाला झाकणाला हात लावू देत नाही. कोडमध्येही हल्ली त्याचे तसेच चालते. नवीन माणसे त्याला चिडवतात. तो म्हणतो, "राहू दे. एकदा उघडेल शे." म्हणजे, एकदा उघडून झालाय.

फेरपरीक्षा महिन्याभराने झाली. संस्थेने या वेळी दोन जीपा पाठवल्या. मला कुणी सांगितले नव्हते, तरी मी सकाळीच केंद्रावर जाऊन फाटकाशी उभा राहिलो. मी मोजत होतो. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले आणि बाईंना फोन लावला. मागे तान्ह्या बाळाचे रडणे चालू होते.

"किती आली?" बाईंनी नमस्कारही न करता विचारले.

"एकोणीसच्या एकोणीस."

पलीकडून नुसता आवाज आला, तळहातावर तळहात, दोनदा.

"पेपर कसा आहे?" मग त्यांनी विचारले.

"एक प्रश्न चुकलाय. आगगाडीची लांबी छापायची राहिलीय."

"म्हणजे पाच मिळवा."

"सगळ्यांना."

"हेमंतला सांगा, काम तयार आहे. नवीन काही लिहू नकोस म्हणावं."

निकाल आठवड्याने लागला. सभागृह नव्हते, सोनेरी कागद नव्हता, फाटकाजवळच्या फळ्यावर एक साधी यादी होती. एकही रेघ नव्हती. आठ मुलांना प्रवेश मिळाला. दहा मुले नापास झाली, एक अठ्ठावीसवर, एक अकरावर, एक साडेबत्तिसावर, बाकीचीही जो तो आपापल्या आकड्यावर. राहिलेल्या एकाला पाच गुण पडले.

तो हजर होता.